हरलेल्या प्रवेशिकांचं काय करता? डिझाइन स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

सन्माननीय आयोजक आणि परीक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी एक छोटं आर्किटेक्चर ऑफिस चालवते. आम्ही सहा जण आहोत. गेल्या 12 वर्षांत आम्ही 19 डिझाइन स्पर्धांमध्ये भाग घेतला. त्यातल्या 2 जिंकलो, आणि त्या दोनपैकी एक इमारत उभी राहिली. 3 ठिकाणी उल्लेखनीय प्रवेशिकांच्या, म्हणजे स्पर्धेला पाठवलेल्या आराखड्यांच्या, यादीत आमचा क्रमांक आला. उरलेल्या 14 ठिकाणी हरलो. हरण्याबद्दल तक्रार नाही, कारण एक जिंकतो तेव्हा बाकीचे हरणारच. पण त्या 14 पैकी 11 ठिकाणी आम्ही का हरलो, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलेलं नाही. हे पत्र त्या 11 ठिकाणांमुळे लिहिते आहे.

‘स्पर्धा परवडतात का?’ हा विषय आमच्या व्यवसायात दोघं भेटले की निघतोच. एक म्हणतो, फुकटात काम करून घ्यायचा हा राजमार्ग आहे. दुसरा म्हणतो, नवख्या माणसाला मोठं काम मिळायचा हाच काय तो रस्ता आहे. दोघंही खरं बोलतात आणि वाद वर्षानुवर्षं तिथेच राहतो, कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर जिंकणं असतं. मला अलीकडे वेगळं वाटायला लागलंय. स्पर्धा एखाद्या ऑफिसला परवडेल की नाही, हे त्या ऑफिसच्या हातात फारसं नसतंच. ते तुमच्या हातात असतं. हरलेल्यांच्या पदरात तुम्ही काय टाकता, यावर ते ठरतं.

आधी हिशोब सांगते. आमच्याकडे प्रत्येक कामाचे तास वहीत लिहायची शिस्त आहे. दोन वर्षांपूर्वी एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्पर्धेला चार जण सहा आठवडे बसले. आठवड्याला 40 तास धरले तर 960 तास होतात. वहीत 1,130 भरले, कारण शेवटचे दहा दिवस कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेल्या पाच संध्याकाळी यात धरलेल्या नाहीत. त्याने त्यांचं बिल लावलं नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. प्रवेश फी, प्रिंट, मॉडेलचं सामान, कुरिअर हे सगळं वेगळं. तेवढ्या तासांत आम्ही एका घराची बांधकामासाठीची सगळी वर्किंग ड्रॉइंग्ज पूर्ण करून फी घेतली असती. पगार तर दोन्हीकडे तेवढेच द्यायचे असतात.

त्या शेवटच्या रात्रीचं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सहा शीट तयार झाल्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात आमचा सांकेतिक क्रमांक होता आणि नाव कुठेही नव्हतं. पहाटे तीन वाजता आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीच्या लक्षात आलं की, पीडीएफच्या माहितीत ‘लेखक’ या रकान्यात ऑफिसचं नाव आपोआप येतं. तिने सहाही फाइल पुन्हा उघडल्या, ते नाव पुसलं, परत साठवल्या आणि पुन्हा एकदा तपासल्या. सहा आठवड्यांच्या कामावरून आपलंच नाव इतक्या काळजीने पुसायला माणसं तयार होतात, ती तुमच्यावरच्या विश्वासाने. आपलं काम कोणीतरी नावाशिवाय, ओळखीशिवाय, फक्त काम म्हणून बघणार आहे, हा तो विश्वास.

आणि तो विश्वास खोटा नाही, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकासाठी 1,421 प्रवेशिका आल्या. त्या मांडायला विमानांचं हँगर लागलं. परीक्षकांनी एकमताने निवडलेला आराखडा 21 वर्षांच्या माया लिनचा निघाला. ती अजून विद्यार्थिनी होती. तिच्या प्रवेशिकेत होती पेस्टलने केलेली साधी चित्रं आणि जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या भिंतीबद्दलचं तिचं लिखाण. नाव समोर असतं, मागच्या पाच वर्षांची उलाढाल विचारली असती, अशा प्रकारची तीन कामं पूर्ण केल्याचा दाखला मागितला असता, तर ती भिंत आज नसती.

पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्राचंही तेच. 1971 मध्ये 681 प्रवेशिकांमधून निवडले गेले रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स, दोघंही तिशीतले. रॉजर्स तर आधी भाग घ्यायलाच राजी नव्हते. ओव्ह अरुप कंपनीतल्या टेड हॅपोल्ड या इंजिनिअरने जोर लावला म्हणून प्रवेशिका गेली. आमच्या ऑफिसात दर वेळी हीच चर्चा होते आणि दर वेळी कोणीतरी हॅपोल्ड होतो. तेव्हा फिनलंडमध्ये आणि आता रशियात असलेल्या विइपुरी शहरातल्या ग्रंथालयाची स्पर्धा 1927 मध्ये जिंकली, तेव्हा अल्वार आल्टो 29 वर्षांचे होते. इमारत उघडली 1935 मध्ये. मधल्या आठ वर्षांत त्यांनी जुन्या अभिजात वळणाचा आराखडा सोडून पूर्ण आधुनिक इमारत उभी केली. स्पर्धेने त्यांना काम दिलं, आणि विचार बदलायला वेळही दिला.

म्हणून स्पर्धा बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. रोजच्या कामात आमची धाकटी मुलगी दारांची शेड्यूल करते, टॉयलेटच्या टाइल्सचे लेआउट करते, म्युनिसिपल परवानगीची ड्रॉइंग्ज दुरुस्त करते. हे सगळं तिला यायलाच हवं. पण त्या सहा आठवड्यांत तिने पहिल्यांदा एका अख्ख्या इमारतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, स्वतः काढला. उत्तरेचा उजेड वाचणाऱ्याच्या टेबलावर नेमका किती वाजता पोचेल यावर ती माझ्याशी भांडली, आणि तिचंच बरोबर होतं.

पण जिंकणं हा काही या सगळ्याचा आधार होऊ शकत नाही. आर्किटेक्ट झाहा हदीद 1983 मध्ये हाँगकाँगच्या ‘द पीक’ या क्लबची स्पर्धा जिंकल्या, ती इमारत झाली नाही. 1994 मध्ये कार्डिफच्या ऑपेरा हाउसची जिंकल्या, तीही झाली नाही. 2012 मध्ये टोकियोच्या स्टेडियमची जिंकल्या, ते 2015 मध्ये रद्द झालं. कैरोजवळच्या भव्य संग्रहालयाची स्पर्धा हेनेगन पेंग या ऑफिसने 2003 मध्ये जिंकली, आणि त्याचं अधिकृत उद्घाटन व्हायला 2025 उजाडलं. हेलसिंकीच्या गुगेनहाइम या कलासंग्रहालयासाठी 77 देशांतून 1,715 प्रवेशिका आल्या, 2015 मध्ये मोरो कुसुनोकी हे ऑफिस विजेतं ठरलं आणि पुढच्याच वर्षी शहराच्या परिषदेने प्रकल्प फेटाळला. एकेका प्रवेशिकेला फक्त 300 तास लागले असं धरलं तरी 1,715 प्रवेशिकांचे पाच लाखांहून अधिक तास होतात. एक माणूस वर्षाला साधारण 2,000 तास काम करतो, म्हणजे अडीचशे माणसांचं अख्खं वर्ष. त्या स्पर्धेच्या आयोजकांनी सगळ्या प्रवेशिका लोकांना बघायला खुल्या ठेवल्या, हे त्यांच्याबद्दल आवर्जून सांगायला हवं. इमारत झाली नाही, तरी ते काम गायब झालं नाही.

मला नेमकं याबद्दलच बोलायचं आहे. हरलेलं काम कुठे जातं?

1401 मध्ये फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या कांस्यद्वारांसाठी सात शिल्पकारांमध्ये स्पर्धा झाली. प्रत्येकाने एकाच प्रसंगाचं एक शिल्पपट करायचं होतं आणि त्यासाठीचा धातू आयोजकांनी दिला होता. गिबर्ती जिंकला, ब्रुनेलेस्की हरला. दोघांचेही पट आज बार्जेलो संग्रहालयात आहेत. सहाशे वर्षं झाली, तरी हरलेला पट विजेत्याच्या बरोबरीने बघता येतो. हरलेला ब्रुनेलेस्की पुढे वास्तुकलेकडे वळला आणि त्याच शहराच्या कॅथेड्रलचा घुमट त्याने उभा केला. कोणीतरी तो पट जपून ठेवला म्हणून दोघांच्या विचारांतला फरक आजही शिकवता येतो.

1922 मध्ये शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राने आपल्या इमारतीसाठी स्पर्धा भरवली. 260 हून अधिक आराखडे आले. हॉवेल्स आणि हूड जिंकले. एलिएल सारिनेन दुसरे आले. पुढच्या वर्षी वृत्तपत्राने सगळ्या प्रवेशिकांचं पुस्तक छापलं. नंतरच्या उंच इमारतींवर जिंकलेल्या इमारतीपेक्षा सारिनेनच्या न बांधलेल्या आराखड्याचा प्रभाव जास्त पडला, असं वास्तुकलेचा इतिहास सांगतो. ते स्वतः 1923 मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथेच त्यांचं पुढचं आयुष्य घडलं. हरलेल्या कामाने एका माणसाचं आयुष्य बदललं आणि एका इमारत-प्रकाराचं रूप बदललं. काम लोकांसमोर आलं म्हणून हे झालं. ते गोडाऊनमध्ये पडून राहिलं असतं, तर सारिनेनच्या पदरी फक्त खर्च आला असता.

आता आमच्या 11 ठिकाणांकडे वळते. त्यातल्या सात ठिकाणांहून ‘आपण सहभागी झाल्याबद्दल आभार’ असा ईमेल आला. तीन ठिकाणचा निकाल वर्तमानपत्रातून कळला. एका ठिकाणी निकाल लागलाच नाही. त्या स्पर्धेत आम्हाला साइटचा नकाशा मिळाला होता. प्रत्यक्ष जागेवर जाऊन आम्ही लेव्हल घेतल्या, तेव्हा मागच्या बाजूला नकाशापेक्षा जमीन दीड मीटर खाली निघाली. आम्ही लेखी प्रश्न पाठवला. उत्तर आलं, ‘दिलेला नकाशा ग्राह्य धरावा.’ म्हणजे जी जमीन नाही तिच्यावर इमारत काढायची. आम्ही दोन्ही जमिनींवर बसेल असा पाया काढला, त्यात नऊ दिवस गेले. मग मुदत दोन आठवड्यांनी वाढली, ब्रीफमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या मागणीपत्रात, 200 आसनांचं सभागृह नव्याने आलं, आणि प्रवेशिका पोचल्याची पावती मिळाल्यावर सगळं शांत झालं. चार वर्षं झाली. आम्ही तीन पत्रं पाठवली. ते मॉडेल अजून आमच्या माळ्यावर आहे.

याउलट एक अनुभव सांगते, कारण त्याच अनुभवामुळे आम्ही अजून स्पर्धांमध्ये उतरतो. खूप वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. दीड महिन्याने परीक्षकांचा अहवाल आला. त्यात आमच्या क्रमांकासमोर चार ओळी होत्या. जिना चांगला आहे, असं म्हटलं होतं. पण पुढे लिहिलं होतं की, आत येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा पुस्तकं दिसायला हवीत, या आराखड्यात त्याला आधी लिफ्ट दिसते. मी प्लॅन पुढ्यात घेऊन बसले. दारातून आत आलेल्या माणसाच्या नजरेची रेष पेन्सिलने ओढली. ती सरळ लिफ्टच्या दारावर जाऊन थांबली. सहा आठवडे चार माणसं त्या प्लॅनकडे बघत होती आणि हे एकालाही दिसलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक इमारतीच्या दारातून आम्ही ती रेष ओढतो. ऑफिसात तिला नावच पडलं आहे, ‘लिफ्टची रेष’. आणि तो जिना वाया गेला नाही. त्याच्या पायऱ्या एका बाजूला रुंद होत जायच्या आणि वळणावर बसायला जागा व्हायची. चार वर्षांनी एका छोट्या शाळेत आम्ही तो बांधला. मधल्या सुट्टीत मुलं तिथे बसून गप्पा मारतात, दोन मुली तर कायम त्याच वळणावर वाचत बसलेल्या असतात. हे सगळं त्या चार ओळींमुळे झालं, असं मी मानते. त्या ओळींत आम्हाला कळलं की यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं. ती स्पर्धा आम्ही हरलो, पण ती आम्हाला परवडली.

फिनलंडमध्ये 1876 पासून वास्तुकलेच्या स्पर्धा होतात. तिथे परीक्षक मंडळाने प्रवेशिकांची लेखी समीक्षा करायची आणि ती प्रसिद्ध करायची, अशी परंपरा आहे. प्रवेशिकेवर नावाऐवजी टोपणनाव असतं आणि समीक्षाही त्याच टोपणनावाखाली छापली जाते. वीस स्पर्धा हरलेल्या तरुण आर्किटेक्टकडे तिथे आपल्या कामाबद्दलची वीस लेखी मतं असतात. इतकं शिक्षण फी भरूनही मिळत नाही.

‘एवढ्या प्रवेशिकांवर लिहायला वेळ कुठून आणायचा?’ हे उत्तर मी खूप वेळा ऐकलं आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. 300 प्रवेशिका, परीक्षणाचे दोन दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे एकूण 960 मिनिटं. एका प्रवेशिकेच्या वाट्याला तीन मिनिटं आणि थोडे सेकंद. आठवड्याला 40 धरून आमचे एका प्रवेशिकेचे तास 960, तुमची सगळ्या प्रवेशिकांसाठीची मिनिटं 960. हा आकडा मांडल्यावर मी स्वतःच बराच वेळ गप्प बसले होते.

पण मी परीक्षकाच्या खुर्चीतही एकदा बसले आहे. 84 प्रवेशिका होत्या. पहिल्या फेरीत मी एका वहीत प्रत्येक क्रमांकासमोर एक-दोन ओळी लिहीत गेले, नाहीतर संध्याकाळी सकाळचं काही आठवलं नसतं. ‘पार्किंग छान सोडवलंय, पण मुख्य दार सापडत नाही.’ ‘अंगण सुंदर, पण पावसात जायचं कसं?’ माझ्या शेजारच्या परीक्षकही तशाच ओळी लिहीत होत्या, पलीकडचे कागदाच्या समासात खुणा करत होते. दुसऱ्या दिवशी विजेता ठरला, फोटो झाले आणि आम्ही उठलो. वह्या टेबलावरच राहिल्या. मी ती वही मागून घ्यायला हवी होती. त्या 84 ओळी टाइप करून त्या 84 ऑफिसांना पाठवा, असं मी तिथेच आग्रहाने म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, आणि त्याची खंत आजही वाटते. पण त्या दिवशी मला एक कळलं. तुम्ही लिहिता. परीक्षणाच्या टेबलावर बसलेला प्रत्येक जण लिहितो. त्या ओळी आधीच अस्तित्वात आहेत, फक्त त्या ज्याच्यासाठी आहेत त्याच्यापर्यंत जात नाहीत. एका माणसाचे दोन दिवस टायपिंगला द्या, बाकी काही करावं लागत नाही.

वेळ वाचवायचा असेल तर तो दुसरीकडे वाचवता येतो. पहिल्या फेरीत तुम्ही सहा शीट, चार रेंडर (इमारतीची संगणकावर केलेली हुबेहूब चित्रं), मॉडेलचे फोटो, खर्चाचा अंदाज आणि व्हिडिओ मागता. ते सगळं तीन मिनिटांत कोणी बघणार आहे का? 1957 मध्ये सिडनी ऑपेरा हाउसच्या परीक्षकांनी योर्न उत्झॉन यांच्या आराखड्याबद्दल अहवालात लिहिलं होतं की, ड्रॉइंग्ज इतकी साधी आहेत की जणू आकृत्याच आहेत, तरीही आम्ही पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे परत आलो. दोनशेहून अधिक प्रवेशिकांमधून त्यांनी त्या आकृत्या निवडल्या. आज तीच प्रवेशिका ‘अपूर्ण सादरीकरण’ म्हणून दारातच परत गेली असती अशी मला भीती वाटते. पहिल्या फेरीला एक शीट मागा. एक प्लॅन, एक सेक्शन, एक पान मजकूर. त्यात विचार दिसला नाही, तर दहा रेंडरमध्येही दिसणार नाही. चकचकीत रेंडर बाहेरून करून घ्यायला ज्याच्याकडे पैसे आहेत तोच उठून दिसतो, आणि ज्या छोट्या ऑफिसांसाठी स्पर्धेचं दार उघडं असतं तीच मागे पडतात.

दुसऱ्या फेरीत मात्र भरपूर मागा, पण त्याचे पैसे द्या. फ्रान्समध्ये सार्वजनिक इमारतींच्या स्पर्धेत आधी मोजकी ऑफिसं निवडतात, आणि आराखडा सादर करणाऱ्या प्रत्येकाला तो आराखडा करण्याच्या अंदाजित खर्चाच्या किमान 80 टक्के रक्कम द्यावी, असा तिथला नियम आहे. हरणारा तिथेही हरतो, पण त्याच्या ऑफिसातल्या माणसांचा त्या महिन्याचा पगार निघतो. त्या पद्धतीत एक खोट आहे, ती मला दिसते. मोजकी ऑफिसं निवडताना बहुतेक वेळा आधीचं काम बघतात, मग 21 वर्षांची विद्यार्थिनी तिथपर्यंत पोचणार कशी? म्हणूनच पहिली फेरी सर्वांना खुली, निनावी आणि एका शीटची ठेवा, आणि दुसरी मोजक्यांची आणि पैसे देऊन. दोन्हींचं चांगलं एकत्र येतं.

करारातल्या काही ओळींबद्दलही लिहायला हवं. ‘सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ ही ओळ मी सहा-सात ब्रीफमध्ये वाचली आहे. जे काम तुम्ही निवडलं नाही, ज्याचे पैसे दिले नाहीत, ज्यावर एक ओळही लिहिली नाही, त्याचे हक्क तुम्हाला कशासाठी हवेत? आमचा तो जिना मग शाळेत बांधता आला नसता. दुसरी ओळ असते, ‘विजेत्यास काम देण्याचा विचार केला जाईल.’ या ओळीवर चार माणसांचे सहा आठवडे लावायचे, हे आता मला माझ्या सहकाऱ्यांसमोर पटवून देता येत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी युनेस्कोचे नियम 1956 पासून आहेत, 1978 मध्ये ते सुधारले गेले. परीक्षकांचा निर्णय आयोजकांवर बंधनकारक असेल, परीक्षकांत बहुसंख्य लोक त्या व्यवसायातले असतील, प्रवेशिका निनावी असतील, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. नवं काही शोधायला नको, आधीचंच पाळायचं आहे.

विजेत्याबद्दल थोडंच लिहिते, कारण त्याच्याबद्दल बोलायला बाकीचे पुष्कळ आहेत. उत्झॉन यांनी 1966 मध्ये सिडनीचं काम अर्ध्यात सोडलं. 1973 मध्ये उद्घाटन झालं, पण पूर्ण झालेली इमारत त्यांनी कधीच डोळ्यांनी पाहिली नाही. स्पर्धेने शोधलेला माणूस पुढची वर्षं टिकेल, त्याला वेळ मिळेल, त्याच्या बाजूने बोलणारं कोणी असेल, ही जबाबदारी निकालाच्या दिवशी संपत नाही. परीक्षकांपैकी एकाने तरी इमारत पूर्ण होईपर्यंत सल्लागार म्हणून सोबत राहावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या ऑफिसपुरतं आम्ही आता ठरवलं आहे. ब्रीफ आलं की आधी साइटचा नकाशा न उघडता शेवटची पानं वाचायची. परीक्षकांची नावं दिली आहेत का, ते निकालापर्यंत बदलणार नाहीत असं लिहिलं आहे का, अहवाल प्रसिद्ध होणार आहे का. यातलं शेवटचं नसेल, तर विषय कितीही मोहात पाडणारा असला तरी फाइल बंद करायची. गेल्या वर्षी तीन ब्रीफ आम्ही असे बंद केले. त्यातलं एक नदीकाठच्या संग्रहालयाचं होतं, आणि ते बंद करताना सगळ्यांनाच फार जड गेलं. आमच्यासारखी शेकडो छोटी ऑफिसं हळूहळू असंच ठरवत आहेत. मग तुमच्याकडे राहतील ती फक्त तोटा सहज पचवू शकणारी मोठी ऑफिसं, आणि ज्याला अजून काही माहीत नाही असा पहिल्यांदाच उतरणारा मुलगा किंवा मुलगी.

आज टेबलावर नवं ब्रीफ आहे. एका सार्वजनिक वाचनालयाचं आणि त्याला जोडलेल्या छोट्या नाट्यगृहाचं. परीक्षकांची नावं दिली आहेत, काम देण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे, पहिल्या फेरीला दोनच शीट मागितल्या आहेत. अहवालाबद्दल काही म्हटलेलं नाही. प्रश्न पाठवायची मुदत शुक्रवारी संपते. आमच्या धाकट्या मुलीने काल दाराचा पहिला स्केच काढला आणि त्यातून लिफ्टची रेष ओढून माझ्यासमोर ठेवला. आम्ही आयोजकांना एकच प्रश्न पाठवला आहे: निवड न झालेल्या प्रवेशिकांबद्दल परीक्षक जे लिहितील, ते त्या प्रवेशिका पाठवणाऱ्यांना मिळेल का?

उत्तर ‘हो’ असं आलं, तर सोमवारी चार जण कामाला बसतील.

आपली नम्र,
एका छोट्या ऑफिसातली आर्किटेक्ट